दीड पान

मी नांदेडच्या न्यायालयात लघुलेखक होतो. साक्षीदाराने बोलावे, मी उतरून घ्यावे, टंकित करावे आणि त्याच्यासमोर वाचून दाखवावे. त्याने ऐकून ‘बरोबर आहे’ म्हणावे आणि सही किंवा अंगठा करावा, असा क्रम असे. त्या जबाबांत शेजारणींनी एकमेकींना दिलेल्या शिव्या असत, नवराबायकोच्या खोलीतल्या गोष्टी असत. भरल्या न्यायालयात मी ते सगळे एका सुरात वाचत असे. यांच्या वाचण्यावरून फिर्यादी कोण आणि आरोपी कोण ते कळत नाही, असे एक वकील माझ्याविषयी म्हणत. मी ते प्रशस्तिपत्र समजत आलो.

हे आधी सांगितले, कारण पुढे जे घडले त्यात माझ्या वाचण्याचाच प्रश्न आला.

माझी नात लातूरला एका शिकवणी वर्गात जीवशास्त्र शिकवते. तिचे शिक्षणही तिथल्या वसतिगृहात राहूनच झाले. लग्नासाठी स्थळे येत होती आणि ती नाकारत होती. पुण्याचा अभियंता नाकारला, उदगीरचा डॉक्टर नाकारला. कारण विचारले तर म्हणाली, ‘‘बोलायला काही नाही, आप्पा.’’

‘‘लग्न काय बोलण्यासाठी करतात?’’

‘‘मग कशासाठी करतात?’’

मी वर्तमानपत्र उघडले. आमच्या घरात संभाषण संपल्याची ती खूण आहे.

त्यानंतर लातूरचेच एक स्थळ आले. ठिबक सिंचनाच्या सामानाचे आणि पाईपांचे घरचे दुकान, मुलगा वाणिज्य शाखेचा पदवीधर, शिक्षण संपताच दुकानात बसलेला. आमच्याच समाजातले, घरचे चांगले. तरीही डॉक्टर नाकारणारी मुलगी पाईपवाल्याला होकार देईल असे मला वाटले नाही. ते लोक नांदेडला पाहायला आले. हल्लीच्या पद्धतीप्रमाणे दोघांना गच्चीवर बोलायला पाठवले. मुलगा खाली आला तेव्हा त्याच्या हातात खाकी कव्हराचे एक पुस्तक होते.

पाहुणे गेल्यावर सूनबाईंनी विचारले, ‘‘काय दिलंस ग त्याला?’’

‘‘आजीचं पुस्तक. मी म्हणाले, वाचून सांग कसं वाटतं ते.’’

ते पुस्तक मला ठाऊक होते. ती एक प्रेमकथा होती. माझा मुलगा शाळेत होता त्या सुमाराला निघालेली, तेव्हाच्याच काळातली. माझ्या दिवंगत पत्नीने ती पुस्तक प्रदर्शनात विकत घेतली, मुलाच्या वह्यांचे उरलेले खाकी कव्हर तिला घातले आणि कपाटात मुलाच्या पाठ्यपुस्तकांत ती उभी केली. बाहेरून कोणालाही भूगोल वाटावा. दुपारी सगळे बाहेर गेले की ती ते काढत असे. एकदा वाचलेले पुन्हा कशाला वाचायचे, असे मी विचारले होते. ती म्हणाली, ‘‘तुम्ही जेवलेलं पुन्हा जेवता ना?’’

आठवडाभरात नातीचा फोन आला. तिचा होकार होता.

बैठक लातूरला मुलाच्या घरी ठरली. बैठक म्हणजे दोन्हीकडच्या थोरांनी एकत्र बसून मानपान, कार्यालय, मुहूर्त हे सगळे ठरवायचे आणि मग सुपारी फोडण्याचा दिवस धरायचा. शब्द थोरल्याने द्यायचा असतो. आमच्यात थोरला मी. मुलगी बैठकीला नसते. पण मुलाच्या आजीने निरोप धाडला की पोरगी लातुरातच आहे तर तिलाही येऊ द्या. मला ते रुचले नाही. तरी मी हरकत घेतली नाही.

घर दुकानाच्या मागेच होते. मधले दार उघडे. पलीकडे पाईपांच्या गुंडाळ्या आणि गिऱ्हाइके दिसत होती. माझ्या मुलासह आम्ही खुर्च्यांवर बसलो. मुलाची आजी भिंतीकडेच्या खाटेवर बसली होती. घरात सगळे तिला अव्वा म्हणत. तिला अक्षरओळख नाही हे आम्हाला आधी कळले होते. मुरमुऱ्यांच्या सुशीलेच्या बशा फिरल्या.

‘‘घ्या की पाहुणे,’’ मुलाचे वडील म्हणाले. ‘‘सुशीला निवली की मजा न्हाई.’’

मी बशी खाली ठेवली आणि सुरुवात केली, ‘‘कार्य नांदेडला व्हावे की इथे, याविषयी प्रथम...’’

‘‘ते ऱ्हाऊ द्या वो,’’ खाटेवरून आवाज आला. ‘‘ते व्हतंय. आधी मला सांगा, त्या फोनवाल्या पोरीचं बरोबर हाय का चूक हाय?’’

कोणती पोरगी, ते मला कळेना. आमच्या नात्यातल्या कोणा मुलीविषयी यांच्या कानावर काही गेले की काय, अशी शंका आली. मुलाच्या आईने खुलासा केला. मुलगा ते पुस्तक दुकानात वाचत बसला होता. गिऱ्हाईक पाऊण इंची नळी मागत होते आणि याचे लक्ष नव्हते. अव्वांनी ते पाहिले. काय वाचायलास, मला बी वाचून दाखव, असा हुकूम सुटला. मग रोज दुकान बंद झाल्यावर तो मोठ्याने वाचू लागला, आणि हळूहळू घरातले सगळेच खाटेभोवती बसू लागले. आता पुस्तक संपले होते आणि प्रत्येकाला मत झाले होते.

कथा थोडक्यात अशी. एका तालुक्याच्या गावी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एक मुलगी नोकरी करते. जमीन मोजणी खात्यातला एक माणूस तिथे बदलून येतो, दोघांचे जमते, आणि त्याची दूर बदली होते. तो ट्रंक कॉल करतो. तिच्यामागे धाकटी भावंडे आहेत, म्हणून ती जात नाही. हे मला त्या दिवशी तुकड्यातुकड्यांनी कळत गेले.

‘‘मला तर ती पोरगी आवडलीच न्हाई,’’ मुलाची आई म्हणाली. ‘‘भावाला शिकवलं, बहिणीचं लगीन लावलं, अन् आपण बसली वायरी खुपसत. कुणी सांगितलं व्हतं?’’

‘‘मी काय वाचलं न्हाई,’’ वडील म्हणाले. ‘‘जेवता जेवता कानावर पडलं तेवढंच. पण माणूस मोजणी खात्यातला, अन् त्याला एक सरळ रेघ ओढता येईना, हे काय पटलं न्हाई बुवा.’’

‘‘अन् चांदणं किती!’’ ही मुलाची काकू. ‘‘हर दोन पानाला चांदणं. आमच्याकडं लाईट गेल्यावर बी येवढं पडत न्हाई.’’

‘‘तिला नावं ठिवा समदे,’’ अव्वा म्हणाल्या. ‘‘त्यो बोलला का एकदा तरी? ठीक हाय, ठीक हाय, अन् ठिवला फोन.’’

‘‘अव्वा, ट्रंक कॉलला वेळ मोजून मिळायचा,’’ मुलगा म्हणाला.

‘‘व्हय? मंग जेवढ्या वेळात ठीक हाय म्हणतंय, तेवढ्याच वेळात ये म्हणता येत न्हाई व्हय रे?’’

सगळे हसले. माझी नात दाराजवळ बसली होती. तीही हसली, तोंडावर हात न घेता. घरी ती माझ्यासमोर अशी हसत नाही. मी मनात म्हटले की ही बैठक आहे की तमाशा. त्याच वेळी नात म्हणाली, ‘‘आप्पांना विचारा ना. आप्पांनी आजीला अख्खं पुस्तक वाचून दाखवलंय. दोनदा.’’

सगळ्यांचे चेहरे माझ्याकडे वळले.

‘‘आजीचे डोळे गेले तेव्हा,’’ ती सांगू लागली. ‘‘मी तेव्हा इथं होस्टेलला. संध्याकाळी फोन केला की आजी सांगायची, आज आप्पांनी कुठवर वाचलं, पुढं काय झालं. मला निम्मी गोष्ट अशीच कळली. पुस्तक नंतर वाचलं मी.’’ मग मुलाकडे पाहून म्हणाली, ‘‘मी यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मला असं घर पाहिजे.’’

माझा मुलगा माझ्याकडे पाहत राहिला. तो आणि सून दोघेही दिवसभर नोकरीवर असत. दुपारी घरात आम्ही दोघेच. त्यामुळे खरेखोटे काय ते त्याला ठाऊक असणे शक्य नव्हते.

आता खरे काय ते लिहितो.

मधुमेहाने पत्नीची दृष्टी गेली. त्यानंतर मी तिला रोज सकाळी वर्तमानपत्र वाचून दाखवत असे. मथळे, हवामान, निधनवार्ता. एका दुपारी ती म्हणाली, ‘‘ते खाकी पुस्तक वाचता का थोडं?’’ मी काढले. तिने एक प्रकरण सांगितले, तिथून सुरुवात केली. ती खाटेवर डोळे मिटून ऐकत होती. आमच्या त्या खोलीची खिडकी गल्लीवर उघडते आणि समोर शिंप्याचे दुकान आहे. त्याचे मशीन थांबल्याचे मला जाणवले. मी दीड पान वाचले होते. पुढचे वाक्य होते: ‘त्याने तिचा हात हातात घेतला.’ ज्या माणसाने भरल्या न्यायालयात काय काय वाचले, त्याला हे वाक्य आपल्या बायकोसमोर वाचवेना. मी घसा खाकरला. ‘‘या वयात हे काय,’’ असे म्हटले आणि पुस्तक मिटले. ती ‘‘बरं’’ म्हणाली. तिने पुन्हा कधी सांगितले नाही.

त्या दीड पानाचे तिने नातीसमोर अख्खे पुस्तक केले, आणि तेही दोनदा, हे मला लातुरात परक्या घरात, हातात चहाचा कप असताना कळले.

‘‘मंग सांगा की पाहुणे,’’ अव्वा म्हणाल्या. ‘‘तुम्ही तर दोनदा वाचलाव. कुणाचं बरोबर?’’

त्या क्षणी खरे सांगता आले असते. एक वाक्य पुरे होते. मी ते सांगितले नाही. थोरल्याला शोभेल असे काही बोलून विषय संपवावा असा विचार केला, आणि म्हणालो, ‘‘तो कमी बोलतो हे खरे. पण शेवटी तो तिच्याकडे परत येतो. त्यामुळे त्याचा दोष राहत नाही.’’

मुलाने चमकून माझ्याकडे पाहिले.

‘‘येतो कुठं?’’ अव्वा म्हणाल्या. ‘‘तिकडंच लगीन करतो की त्यो.’’

दुकानात कोणीतरी पाईप कापत होते. तो आवाज मला अजून आठवतो. मुलाची आई पदराशी खेळू लागली. वडिलांनी छताकडे पाहिले. मी पकडला गेलो होतो. उलटतपासात साक्षीदार पकडला जातो तसा, आणि त्याच्याइतक्याच वेंधळेपणाने.

मला सोडवले त्या मुलाने.

‘‘अव्वा, असं असेल,’’ तो सावकाश म्हणाला. ‘‘आजींना दिसत नव्हतं. त्यांना तोच शेवट पुन्हा ऐकून वाईट वाटू नये म्हणून आप्पांनी शेवट बदलून वाचला असेल.’’

तो हे थट्टेने म्हणाला नाही. त्याने खरोखर तसा अर्थ लावला होता. मग मुलाची आई डोळ्यांना पदर लावू लागली. काकू म्हणाली, ‘‘बघा, असं असतंय!’’ वडील उठून आले, माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, ‘‘मानलं आप्पा तुम्हाला. आमच्या घरात असं माणूस न्हाई.’’

मी नातीकडे पाहिले. ती माझ्याकडे पाहत होती. ज्या नजरेने माझ्याकडे घरात कोणी कधी पाहिले नाही, त्या नजरेने. मी गप्प बसलो. लिहिताना लाज वाटते, पण कारण तेच होते. ती नजर मला हवीशी वाटली.

अव्वा मात्र माझ्याकडे पाहत पान लावत होत्या.

पुढचे सगळे भराभर ठरले. कोणी कशासाठी अडून बसले नाही. निघताना मुलाचे वडील म्हणाले, ‘‘सुपारीच्या दिवशी तुमचा त्यो शेवट ऐकायचा बरं का, सगळ्या पाहुण्यांसमोर.’’ नातीने ते उचलून धरले. ‘‘आठवत असेल ना, आप्पा? लिहून आणा.’’

परतताना अहमदपूरच्या पुढे आल्यावर माझ्या मुलाने गाडी चालवता चालवता म्हटले, ‘‘आप्पा, आम्हाला कधी कळलंच नाही.’’

मी म्हणालो, ‘‘गाडी सावकाश चालव.’’

शेवट सांगायचा तर पुस्तक वाचणे भाग होते, आणि घरची प्रत लातुरात होती. मी वाचनालयात गेलो. तिथल्या बाईंनी नाव ऐकून माझ्याकडे दोनदा पाहिले. ‘‘हे अजून जातं, काका. तरुण मुली नेतात आणि आणून देताना म्हणतात, असला पुचाट हिरो. आणि एक निवृत्त साहेब आहेत, ते आले की हेच नेतात. घरी सांगू नका म्हणतात.’’ मी ते पिशवीत घातले आणि वर भाजी ठेवली. ज्या साहेबाला मी मनात हसलो, त्याच्याहून मी निराळा नव्हतो.

मी ते वाचले. माझे मत विचारले तर पुस्तक बेताचे आहे. योगायोग फार आहेत. काकूंचे चांदण्याविषयीचे म्हणणे योग्य आहे. माणसे खिडकीपाशी उभी राहून नको तितका वेळ घेतात. परंतु ती मुलगी एक्स्चेंजच्या स्विचबोर्डच्या फळीसमोर बसते, गावातल्या सगळ्यांचे आवाज एकमेकांना जोडून देते आणि स्वतःला यायचा तो आवाज ‘ठीक आहे’ म्हणून थांबतो, ती प्रकरणे मला सलग वाचता आली नाहीत. शेवटी एक्स्चेंज स्वयंचलित होते आणि तिची खुर्ची काढून टाकतात.

मी थांबलो होतो ते पान सापडले. ‘त्याने तिचा हात हातात घेतला.’ पान उलटले. पुढे इतकेच होते की फळीवर दिवा लागतो, ती हात सोडवून घेते आणि म्हणते, ‘नंबर प्लीज.’ त्यानंतर कामाचेच वर्णन. शिंप्याने ऐकू नये असे पुढे काहीच नव्हते. तीन ओळींची गोष्ट होती.

मग दुसरा विचार आला. पत्नी नातीला रोज फोनवर पुढची गोष्ट सांगत होती. वाचणारे कोणी नव्हते. म्हणजे तिला ते पाठ होते. दुपारी ती खाटेवर पडून ते मनातल्या मनात वाचत असावी, आणि मी पलीकडच्या खोलीत शब्दकोडे सोडवत होतो. नातीला सांगताना तिने त्या वाचण्याला माझा आवाज दिला. मला कमीपणा येऊ नये म्हणून, की स्वतःला बरे वाटावे म्हणून, ते मला ठरवता येत नाही. दोन्हींपैकी काहीही असले तरी मान खाली जाते.

तरीही मी शेवट रचायला बसलो. हे सांगितले पाहिजे. कागद घेतला आणि लिहिले, ‘सदर इसम दोन वर्षांनंतर गावी परत आला व त्याने तिची भेट घेतली.’ पुढे सुचेना. आयुष्यभर दुसऱ्यांचे बोलणे उतरवून घेतलेल्या माणसाला स्वतःचे एक वाक्य येत नव्हते. मी कागद फाडला आणि दुसऱ्या दिवशी एस.टी.ने लातूरला गेलो.

नात वर्गाबाहेर आली. समोर चहाची टपरी होती, सभोवार पाठीवर दप्तरे घेतलेली पोरे. मी बसल्याबसल्या सगळे सांगितले. जबाब द्यावा तसे. दीड पान, खिडकी, शिंपी, बैठकीतले माझे बोलणे, गप्प बसणे. तिने मध्ये एकदाही थांबवले नाही. चहावर साय धरली.

‘‘आजी खोटं बोलली ते तुमच्यासाठी,’’ ती म्हणाली. ‘‘तुम्ही कुणासाठी बोललात?’’

मी चहावरची साय बोटाने बाजूला केली.

‘‘तुमच्यामुळं मी त्याला हो म्हटलं, आप्पा. तो म्हणाला, मी पण वाचून दाखवीन, आप्पांसारखं. आता रोज तो वाचायला बसेल आणि मला माहीत असेल, आप्पांनी वाचलंच नव्हतं.’’

‘‘मुलगा चांगला आहे.’’

‘‘तो चांगलाच आहे. म्हणूनच.’’ ती उठली. ‘‘तुम्ही तिथं येऊन सांगा. अव्वांसमोर, त्याच्यासमोर. आज. मी सांगणार नाही. आणि तुम्ही सांगितलं नाही तर मी सुपारी फोडू देणार नाही.’’

‘‘लोक काय म्हणतील याचा विचार...’’

‘‘खिडकी लावून सांगा हवं तर.’’

हे तिने मोठ्याने म्हटले. बाजूची दोन पोरे वळून पाहू लागली. आजवर मला असे कोणी बोलले नव्हते, आणि मला रागही आला नाही.

तिने रिक्षाला हात केला आणि दुकानाचा पत्ता सांगितला.

दुकान चालू होते. मुलाने आम्हाला पाहिले आणि हातातली नळी टाकून मागोमाग आत आला. वडीलही आले. मुलाची आई खाली बसून तूर निवडत होती; ती उठून चहाला निघाली, तिला नातीने थांबवले. अव्वा खाटेवर होत्या. मी उभा राहूनच बोललो. साक्षीदाराला बसायला सांगत नाहीत, अशी मला सवय होती.

‘‘मी बैठकीत सांगितले ते खरे नव्हते,’’ मी म्हणालो. ‘‘शेवट मी बदलला नाही. शेवटापर्यंत मी गेलोच नाही. पत्नीला मी ते पुस्तक वाचून दाखवले नाही.’’

मुलाचा चेहरा उतरला. त्याने माझ्याकडे नव्हे, नातीकडे पाहिले. तिने होकारार्थी मान हलवली.

‘‘बिलकुल न्हाई?’’ अव्वांनी विचारले.

‘‘दीड पान.’’

‘‘अन् का थांबलाव?’’

‘‘खिडकी उघडी होती. समोर शिंपी होता.’’

मुलाच्या आईला हसू फुटले आणि तिने पदर तोंडात धरला. अव्वा हसल्या नाहीत. ‘‘त्या काय म्हणल्या मंग?’’

‘‘बरं म्हणाल्या.’’

वडील चुळबुळ करत म्हणाले, ‘‘अव्वा, मंग त्या सुपारीचं...’’

‘‘सुपारीला काय झालं? शेवटाचं ऐकूनच माझ्या ध्यानात आलं व्हतं, हे वाचलेलं माणूस न्हाई. मी बघायले व्हते, आता काय करत्यात. पोरीनं आजा आणून उभा केला की समोर. अजून काय पाहिजे तुला?’’ मग मुलाला म्हणाल्या, ‘‘ते पुस्तक आण रे.’’

त्याने पुस्तक आणले. तेच खाकी कव्हर, कडा झिजलेल्या.

‘‘बसा,’’ त्या मला म्हणाल्या. ‘‘जिथं थांबलाव तिथून वाचा. ह्या घराला बी खिडकी हाय, अन् दुकानाचं दार बी उघडं हाय.’’

मी नातीकडे पाहिले. ती चौकटीला टेकून उभी होती आणि दुकानाकडे पाहत होती. तिच्याकडून मला सूट मिळणार नव्हती. मी खुर्ची खाटेजवळ घेतली, चष्मा लावला. पानाचा आकडा पाठ झाला होता, शोधावे लागले नाही.

‘‘त्याने तिचा...’’

‘‘जरा चढवा आवाज. मला कमी येतंय ऐकू.’’

दुकानात दोन शेतकरी गुंडाळीवर हात ठेवून उभे होते. ते इकडेच पाहत होते.

‘‘त्याने तिचा हात हातात घेतला,’’ मी मोठ्याने वाचले. माझा स्वर सपाट नव्हता. तो कापला, आणि सगळ्यांनी ते ऐकले. ‘‘फळीवर दिवा लागला. तिने हात सोडवून घेतला. नंबर प्लीज, ती म्हणाली.’’

अव्वा डोळे मिटून म्हणाल्या, ‘‘हं.’’

पत्नीही त्या दुपारी डोळे मिटून प्रत्येक वाक्याला ‘हं’ म्हणत होती. मी दीड पानावर थांबलो तेव्हा तिचा तो ‘हं’ अर्ध्यावर राहिला होता.

‘‘थांबलाव का?’’ अव्वा म्हणाल्या.

मी पान उलटले आणि पुढे वाचू लागलो.